खड्डे मारायच्या पेट्रोल मशीनचा गाडीत वास येतोय? आधी वास कुठून येतो ते शोधा

खड्डे मारायचं पेट्रोल मशीन, ज्याला दुकानदार अर्थ ऑगर म्हणतात, ते ज्यांच्याकडे आहे पण पिकअप किंवा छोटा हत्ती नाही, अशा जवळपास सगळ्यांची तक्रार एकच असते. ईको, ओम्नी नाहीतर बोलेरोच्या मागच्या भागात मशीन टाकलं की थोड्या वेळात गाडीभर पेट्रोलचा वास, पुढच्या गावापर्यंत डोकं जड, आणि दुसऱ्या दिवशी घरची माणसं गाडीत बसायला नको म्हणतात. मग कोणी मशीनला पॉलिथिन गुंडाळतं, कोणी झाकणाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप मारतं, कोणी नवीन झाकण आणतं. आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि परत तेच सुरू.

मी चोपडा-यावल पट्ट्यात भाड्याने खड्डे मारून देतो. केळी, पेरू, लिंबू, तारेच्या कुंपणाचे पोल, जे काम येईल ते, आणि मशीन ईकोतूनच फिरतं. आपल्याकडे अडचण अशी की या मशीनचा हंगाम नेमका उन्हाळा आहे. फळबागेचे खड्डे एप्रिल-मे मध्ये मारायचे, उन्हात तापू द्यायचे, शेणखत-माती भरायची आणि पाऊस पडला की रोप लावायचं, म्हणजे जेव्हा पेट्रोल सगळ्यात जास्त उडतं तेव्हाच मशीन सगळ्यात जास्त गाडीत असतं. म्हणून बाकी ठिकाणी ज्याने भागतं त्याने खान्देशात भागत नाही.

आधी वासामागचं कारण समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, त्यात हलके-जड बरेच घटक मिसळलेले असतात आणि त्यातले सगळ्यात हलके साधारण ३५ अंशालाच उकळायला लागतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आतलं तापमान ६० च्या आसपास जातं, म्हणजे टाकीतल्या पेट्रोलचा हलका भाग अक्षरशः उकळायच्या बेतात असतो आणि तो बाहेर पडायला वाट शोधतोच. शिवाय पेट्रोल तापलं की फुगतं, एका अंशाला साधारण हजारात एक भाग. सव्वा लिटरची टाकी सकाळी २५ अंशाला काठोकाठ भरली आणि दुपारी ती ५५ अंशाला गेली तर ३५ मिलिच्या आसपास पेट्रोलला आत जागाच उरत नाही, ते झाकणातून नाहीतर पाइपातून बाहेर येणारच, तुम्ही झाकण कितीही आवळा.

आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, खाली गाडीच्या मॅटवर, पायाशी, स्टेपनीच्या खोबणीत साचते. म्हणून पुढे बसलेल्याला वास कमी वाटतो आणि मागे बॅगेवर डोकं टेकून झोपलेल्या माणसाला जास्त लागतो. हे लक्षात ठेवा, कारण मजूर मागे झोपतात आणि पोरं मागे बसतात.

आता वासाच्या जागा. यावलकडचा एक जुना मिस्तरी आहे, तो कोणतंही मशीन आलं की पान्हा हातात घ्यायच्या आधी एकच वाक्य म्हणतो, "भो, आधी देख वास कथाईन यी राहिना, मंग झाकझूक कर." म्हणजे आधी बघ वास कुठून येतोय, मग बुजवाबुजव कर. मला हे पटतं, कारण वास परत परत येण्याचं मुख्य कारण हेच आहे की जागा एक नसते, दोन-तीन असतात, आपण एक बुजवतो आणि बाकीच्या चालू राहतात.

शोधायची पद्धत सोपी आहे. टाकी अर्धी भरा, मशीन बाहेरून कोरडं पुसून घ्या, बिट, म्हणजे खाली लावायचा खड्डा पाडणारा पिळाचा दांडा, काढून टाका आणि पुठ्ठ्यावर मशीन ठेवा, मोकळ्या ओट्यावर किंवा अंगणात, घरात नाही, आणि चुलीपासून, बल्बच्या उघड्या वायरीपासून, पोरांपासून लांब. गाडीत ज्या कुशीवर ठेवता त्याच कुशीवर ठेवा. झाकण, पाइप टाकीत शिरतात ती जागा, प्राइमरचा (सुरू करायच्या आधी दाबून पेट्रोल ओढायचा) रबरी फुगा, कार्बोरेटरचा तळ, एअर फिल्टर आणि सायलेन्सर, प्रत्येकाच्या खाली पांढऱ्या कागदाचा तुकडा सरकवून द्या आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बघा कोणत्या कागदावर डाग आहे. निव्वळ पेट्रोल उडून जातं पण टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, ते ऑइल कागदावर मागे राहतं आणि डाग दिसतो. उजेडाकडे कागद धरला की तेलकट ठिपका लगेच कळतो, तळलेल्या भज्याच्या कागदासारखा. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर त्यात साधं पेट्रोल असतं, त्याचा डाग राहत नाही, तिथे रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे हात लावून आणि वास घेऊनच बघावं लागतं.

कागदावर झाकणाखाली डाग असेल तर लगेच नवीन झाकण आणायला पळू नका, आधी एक गोष्ट स्वतःला विचारा, मशीन शेतात चालता चालता दहा-पंधरा मिनिटांत मरतं का आणि झाकण ढिलं केलं की परत चालू होतं का? बऱ्याच लोकांची हीच सवय झालेली असते, झाकण अर्धा आटा ढिलं ठेवायचं म्हणजे मशीन बंद पडत नाही. मग तेच ढिलं झाकण तसंच गाडीत जातं आणि सगळा वास तिथून. खरा दोष झाकणाचा नसतो, टाकीच्या व्हेंटचा असतो. टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं तशी त्या जागी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणात किंवा टाकीला लावलेल्या एका आखूड रबरी नळीच्या टोकाला छोटा एकमार्गी व्हॉल्व असतो, जो हवा आत घेतो पण पेट्रोल बाहेर सोडत नाही. आपल्या काळ्या जमिनीची बारीक धूळ ऑइलच्या ओलाव्यावर बसते आणि तो व्हॉल्व चिकटतो. हवा आत जात नाही, टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येत नाही आणि इंजिन मरतं.

तपासायचं असं, मशीन सावलीत दहा मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थंड झालं की झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर व्हेंट चोक आहे. उन्हात ठेवलेल्या मशीनचं झाकण उघडल्यावर बाहेर फुस्स झालं तर तो उष्णतेचा दाब आहे, तो दोष नाही. दोन्ही आवाज वेगळे आहेत आणि बरेच जण यातच गोंधळतात. व्हेंट पक्कडीने हळूच ओढून बाहेर काढा, ताज्या पेट्रोलमध्ये खंगाळा, एका बाजूने फुंकून बघा हवा जाते का आणि दुसऱ्या बाजूने अडते का. दोन्हीकडून जाते किंवा दोन्हीकडून अडते, दोन्ही वेळी नवीनच टाका. हा तुकडा स्वस्त असतो, त्यात काटकसर नको. व्हेंट नीट झाला की झाकण पूर्ण आवळून चालवता येतं आणि तेव्हाच झाकणाच्या वॉशरचा खरा कस लागतो. वॉशर दाबून बसून चपटा झाला असेल किंवा चिरला असेल तर बदला. टेफ्लॉन टेप मारू नका, या झाकणात आट्या गळती थांबवत नाहीत, वॉशर थांबवतो. टेपमुळे झाकण पूर्ण खाली बसत नाही आणि गळती उलट वाढते.

दुसरी जागा म्हणजे पाइप टाकीत शिरतात तो रबरी बूच. हल्ली हीच सगळ्यात जास्त सापडते. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आणि स्वस्त मशीनचे मूळ पाइप, बूच हे असल्या पेट्रोलसाठी बनवलेले नसतात. काही रबर फुगून मऊ पडतं, काही कडक होतं. पाइप बोटाने वाकवून बघा, नवीन पाइप नळीसारखा वाकतो, गेलेला पाइप काडीसारखा ताठ असतो आणि वाकवला की बुचाजवळ केसासारख्या चिरा दिसतात. तिथून थेंब पडत नाही, नुसता ओलावा राहतो, आणि त्या ओलाव्याचाच वास चोवीस तास येतो. सेट घेताना इथेनॉल चालणारा पाइप आहे का ते विचारून घ्या, दोन्ही-तिन्ही पाइप आणि बूच एकदमच बदला. एक बदलून बाकी ठेवले की महिन्याभरात दुसरा जातो आणि माणूस म्हणतो एवढं करूनही वास तसाच.

प्राइमरच्या फुग्यालाही हेच लागू, दाबून धरा आणि बुडाशी बघा, बुडबुडा किंवा ओल दिसली तर फुगा बदला.

तिसरी जागा आतली आहे, बाहेरून दिसत नाही. उन्हाने टाकीत दाब वाढला की तो पेट्रोलला पाइपातून कार्बोरेटरकडे ढकलतो. कार्बोरेटरमध्ये एक बारीक सुई असते, ती हे अडवते. सुईखाली कचरा अडकला किंवा तिचं टोक झिजलं की पेट्रोल हळूहळू इंजिनात उतरत राहतं, तिथून सायलेन्सरपर्यंत येतं आणि वास येतो. याची खूण शेतात मिळते, गाडीतून मशीन उतरवलं, दोरी ओढली, घेतच नाही, प्लग काढला तर चिंब ओला, मग दहा-वीस झटक्यांनी पांढऱ्या धुराचा लोट टाकत सुरू होतं. घरून निघताना पहिल्या झटक्याला सुरू होणारं मशीन शेतावर पोचल्यावर असं करत असेल तर हाच रोग समजा. कार्बोरेटर किट टाकून घ्या, आणि टाकीतला फिल्टर बदला, कारण कचरा तिथूनच आला.

फोर-स्ट्रोक इंजिनवाल्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच मशीनच्या कार्बोरेटरला खाली पेट्रोलची वाटी असते, आत तरंगता फ्लोट असतो, मशीन आडवं केलं की ती वाटी सांडणारच, कितीही नवीन असू द्या. अशा मशीनला पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू द्यायचं, वाटीच्या बुडाचा स्क्रू असेल तर उरलेले थेंबही काढून घ्यायचे, आणि न्यायचं सरळ उभंच. एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या इंजिनालाही हेच लागू होतं.

सायलेन्सरमधून येणारा वास वेगळा असतो, जळक्या ऑइलचा, कडवट, पेट्रोलसारखा गोडसर नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी काळा चिकट ओघळ दिसतो. हा ओघळ येतो ऑइल जास्त टाकल्यामुळे किंवा मशीन कायम हळू चालवल्यामुळे. डोळ्याने अंदाज घेऊन ऑइल ओतणारे खूप आहेत, थोडं जास्त गेलं तर इंजिनला चांगलंच असं त्यांना वाटतं. पुस्तकात २५ ला १ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिलि, ५० ला १ असेल तर २० मिलि, औषधाच्या मापाने मोजून टाका. आणि एअर फिल्टरचा स्पंज काढून पिळून बघा. मशीन चुकीच्या कुशीवर, म्हणजे फिल्टर खाली करून झोपवलं की पेट्रोल-ऑइल स्पंजात उतरतं आणि तो ओला स्पंज दिवसभर वास सोडत राहतो. साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आणि पुढच्या वेळी फिल्टर वर येईल असं ठेवा.

एवढं सगळं दुरुस्त केलं तरी भरलेलं मशीन बंद गाडीत नेऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे. दुरुस्तीने गळती थांबते, उन्हाने वाढणारा दाब थांबत नाही. म्हणून काम संपल्यावरचा क्रम पक्का लावून घ्या. शेतातच, गाडीपासून लांब, इंजिन निवल्यावर टाकीतलं उरलेलं पेट्रोल गाळणीच्या नरसाळ्याने कॅनमध्ये परत ओता. मग मशीन एकदा सुरू करून एक्सलेटर न देता आपोआप बंद होऊ द्या. पेट्रोल संपत आलेलं असताना टू-स्ट्रोक जोरात फिरवू नका, कारण पेट्रोलबरोबर ऑइलही संपत असतं, नुसत्या आयडलवर मरू द्या. प्राइमर दोन-चार वेळा दाबून पाइपातलं उरलंसुरलं टाकीत आणा, तेही ओतून घ्या, झाकण आवळा. आणि मग अर्धा तास सावलीत राहू द्या. ही अर्ध्या तासाची पायरी लोक वगळतात, शेतमालक जेवायला बोलावत असतो, ऊन लागत असतं, पण तापलेला सायलेन्सर सीटच्या रेक्झिनला किंवा गोणपाटाला टेकला तर जळायला वेळ लागत नाही, आणि गरम इंजिनातून उरलेल्या थेंबांची वाफ गाडीतच होते.

रिकामं मशीनही थोडा वास देतंच, टाकीचं प्लॅस्टिक पेट्रोल प्यायलेलं असतं. त्यासाठी घट्ट झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा टब किंवा पिंप, त्यात तळाला जुनी गोधडी आणि मूठभर लोणारी कोळसा कापडाच्या पुरचुंडीत, एवढं पुरतं. पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळून काही होत नाही, पेट्रोलची वाफ त्या पिशवीतून आरपार जाते, आणि वर पिशवीच्या घासण्याने स्टॅटिक, म्हणजे ठिणगी पाडू शकणारी वीज, तयार होते ते वेगळंच. बिट मात्र वेगळा ठेवा, माती झाडून, धारेवर गोणपाट बांधून.

पेट्रोल कशात न्यायचं यावर जरा जास्त लिहितो, कारण बहुतेक वेळा मशीन बिचारं निर्दोष असतं आणि वास शेजारच्या पाण्याच्या बाटलीतून येत असतो. एक लिटरची पाण्याची बाटली, त्यात मिक्स पेट्रोल, सीटखाली आडवी. तिचं बूच पेट्रोलसाठी बनलेलं नाही, उन्हात बाटली फुगते, बूच ताणलं जातं आणि वाफ निघत राहते. बाटली हातात घेऊन दाबून बघा, टणक लागली म्हणजे आत दाब आहे. वरून कोणी तहानेला हात घातला तर काय होईल ते सांगायला नको. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे, त्यातल्या आठव्या कलमाप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल लायसनशिवाय जवळ बाळगता आणि नेता येतं, पण भांडं काच, चिनी माती किंवा धातूचं आणि घट्ट बुचाचं पाहिजे, काच किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लॅस्टिकची बाटली त्यात कुठेच बसत नाही. पाच लिटरचा पत्र्याचा कॅन घ्या, आत रबरी वॉशर असलेल्या बुचाचा, आणि वरची चार बोटं जागा रिकामी ठेवा, फुगायला. पंपावर भरताना कॅन गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवा, नळी कॅनच्या तोंडाला टेकवून भरा. गाडीत प्लॅस्टिक मॅटवर ठेवून भरला तर स्टॅटिकची ठिणगी पडायचा धोका असतो.

शक्य असेल तर कॅन गाडीच्या आत नेऊच नका. आमच्या ईकोला वर कॅरियर आहे, कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळून उभा बांधून तिथेच जातो, आणि रोज लागेल तेवढंच पेट्रोल घेतो. गावाजवळ पंप असेल तर जाताना कॅन रिकामाच न्यायचा आणि शेतापाशी भरायचा. चोपड्याहून रावेरकडे जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोड ज्यांना माहीत आहे त्यांना तिथले धक्के माहीत आहेत, त्या धक्क्यांत कॅन आडवा झाला की चांगलं बूचही पाझरतं, म्हणून दोरीने दोन्हीकडून आवळून बांधा.

आता एक वेगळीच गोष्ट, जी बरेच दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. मशीन रिकामं, पाइप नवे, कॅन वर, तरी डोकं दुखतं. तेव्हा गाडीचं मागचं दार बघा. बिट लांब असतो, मागे मावत नाही, म्हणून लोक दार अर्धवट उघडं ठेवून दोरीने बांधतात. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि गाडीचाच सायलेन्सरचा धूर त्या उघड्या दारातून आत ओढला जातो. पेट्रोलचा वास आधीच डोक्यात असल्यामुळे आपण मशीनला दोष देतो. धुराचा वास येईल तेव्हा येईल, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, रंग नसतो, डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं एवढंच कळतं आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. रिकामं मशीन गाडीतच राहू द्या, फक्त बिट घरी ठेवून, दार पूर्ण लावून त्याच रस्त्याने एकदा जाऊन या. डोकं दुखलं नाही तर दोष दाराचा होता. बिट आत तिरपा घाला, सीट पाडा, नाहीतर कॅरियरवर बांधा आणि मागे लाल फडकं लावा, पण दार उघडं ठेवून चालवू नका. वास आला की लोक एसी चालू करतात, आणि एसी आतलीच हवा फिरवण्यावर असतो, म्हणजे तीच वाफ परत परत नाकात. बाहेरची हवा घेणारा खटका लावा, पुढच्या दोन्ही काचा खाली करा, आणि तरी कमी होत नसेल तर गाडी थांबवून सगळे उतरा.

सीएनजी किट असलेल्या गाडीत आणखी एक बघा. सीएनजीला मुद्दाम घातलेला वास असतो, सडक्या अंड्यासारखा, घरच्या गॅससारखा. सीएनजी हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. पेट्रोल जड, पायाशी राहतं. वास डोक्याच्या उंचीवर जास्त आणि अंड्यासारखा असेल तर मशीन सोडा आणि गाडी सीएनजी किटवाल्याकडे न्या.

सांडलेलं असेल तर पाणी मारून पसरवू नका. मॅट काढा, खाली फेल्टचा थर असतो तो उचलून बघा, खरं पेट्रोल त्यात मुरलेलं असतं. चुलीची पूर्ण थंड झालेली राख, कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषू द्या, मग तो भुसा गावाबाहेर मोकळ्यात पसरून ठेवा, उकिरड्यावर नाही, कारण उकिरडा कोणीतरी पेटवतं. नंतर साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं झाल्यावर खायचा सोडा भरपूर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून काढा आणि दोन-तीन दिवस चारही दारं उघडी ठेवून गाडी सावलीच्या वाऱ्यात उभी करा. ऑइलमिश्रित पेट्रोल असेल तर एकदा धुऊन जात नाही, ऑइल मागे राहतं, परत साबण लावावा लागतो.

आणि हात जोडून सांगतो, वास घालवायला गाडीत अगरबत्ती, धूप, कापूर लावू नका. आपल्याकडे सकाळी धंद्याला निघताना डॅशबोर्डवर अगरबत्ती लावायची पद्धत आहे, श्रद्धेची गोष्ट आहे, पण पेट्रोलचं सामान गाडीत असेल त्या दिवशी ती गाडीबाहेर ओवाळा. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ती पेटते. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर त्याची २०० लिटरच्या आसपास वाफ होते, म्हणजे व्हॅनचा तळ भरायला पेलाभर पेट्रोल पुरतं, आणि ती वाफ पायाशी साचलेली असते, नाकापर्यंत वास कमी असतानाही खाली प्रमाण धोक्याचं असू शकतं. विडी-सिगरेटही त्यातच आली. रोजचं म्हणाल तर पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, आपल्याकडच्या मानकाप्रमाणे जास्तीत जास्त १ टक्का, आणि बेंझीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे वैद्यकशास्त्रात पक्कं झालेलं आहे. म्हणून थोडा वास असायचाच असं म्हणून पोरांना मागे बसवू नका.

ही अडचण फक्त आपलीच नाही. अमेरिकेत मिनेसोटासारख्या थंड भागात आणि कॅनडात हिवाळ्यात तलाव गोठतात, लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात आणि त्यासाठी वापरतात ते मशीन म्हणजे आपलंच, वर तेच छोटं इंजिन, खाली मातीच्या बिटऐवजी बर्फ कापायचं पातं. तिथे मशीन शून्याखालच्या थंडीतून हीटर लावलेल्या बंद गाडीत येतं, टाकीतलं पेट्रोल एकदम तापून फुगतं आणि वास सुटतो, इथे ते काम ऊन करतं. त्यांच्यात बरेच जण आता बॅटरीच्या मशीनवर गेलेत, काही गॅसच्या छोट्या नळकांड्यावर चालणाऱ्या. बॅटरीचं मशीन इकडेही मिळायला लागलंय आणि त्याला वासच नाही, मऊ जमिनीत, रोपवाटिकेत, घरच्या बागेत ते घ्यायला हरकत नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत दिवसभर दोन फुटांचे खड्डे मारायचे असतील तर मला अजून पेट्रोलच लागतं, आणि बॅटरीसुद्धा साठ अंशाच्या गाडीत ठेवायची वस्तू नाही, ती सावलीतच न्यावी लागते.

व्हेंट, वॉशर, पाइप, बूच, फुगा, कार्बोरेटर सगळं झालं, मशीन रिकामं नेताय, तरी भरल्यावर वास येतोच असं असेल तर शेवटी टाकीच बघायची राहते. प्लॅस्टिकची टाकी दोन भाग जोडून बनवलेली असते, त्या जोडावर किंवा तिला फ्रेमला कसायच्या स्क्रूजवळ केसाएवढी चीर पडते, मशीन धक्क्यात आपटून. टाकी रिकामी करून, सोडवून, दोन दिवस वाऱ्यावर ठेवून वास गेल्यावर तिची सगळी भोकं बंद करा आणि पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने दाबा, बुडबुडे जिथून येतील तिथे चीर. एम-सीलने ती बुजत नाही, पेट्रोल त्याला महिन्याभरात सोडवतं, आणि चटका देऊन प्लॅस्टिक जोडायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, रिकाम्या टाकीत वाफ उरलेली असते. मॉडेलचा नंबर आणि जुनी टाकी बरोबर घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या शेती-मशीनच्या स्पेअर पार्टवाल्याकडे जा, भोकांची जागा जुळवून नवीन टाकी घ्या, आणि बसवताना फ्रेम आणि टाकीच्या मध्ये जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा घाला म्हणजे परत तिथेच चीर पडणार नाही.